तणनाशक मारलं, तरी फेब्रुवारीत कांद्याचं रान पुन्हा हिरवं कसं होतं? जुन्नर-आंबेगावच्या 'मागून येणाऱ्या' तणाची गोष्ट

डिसेंबरच्या शेवटी कांद्याची लागण होते. त्याच आठवड्यात तणनाशकाची फवारणी होते. जानेवारीभर वाफे असे स्वच्छ दिसतात की शेतकरी मोबाईलवर फोटो काढून स्टेटसला ठेवतो. मग फेब्रुवारी उजाडतो. एक पाणी दिलं जातं, चार दिवस जातात आणि कांद्याच्या ओळींमधून बारीक बारीक हिरवे ठिपके वर येऊ लागतात. पंधरा दिवसांत त्या ठिपक्यांचं गवत होतं.

मग पारावर, चहाच्या टपरीवर आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच चर्चा सुरू होते. "औषध डुप्लिकेट निघालं."

खरंतर बहुतेक वेळा औषध डुप्लिकेट नसतं. त्याने त्याचं काम केलेलं असतं आणि त्याची मुदत संपलेली असते. आता उगवलेलं तण हे वेगळं तण आहे. पहिल्या फवारणीच्या वेळी ते उगवलंच नव्हतं.

हे मागून येणारं तण नेमकं येतं कुठून, त्याने किती नुकसान होतं, आणि "आता काढणीच आलीये, राहू दे" असं म्हणून सोडून दिलं तर काय होतं, हे आज समजून घेऊ. तुम्ही शेतकरी नसाल तरी वाचा, कारण तुमच्या ताटातल्या कांद्यामागचा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात जास्त माणसं लागणारा खर्च यातच दडलाय.

आधी इथला कांदा समजून घेऊ

पुणे-नाशिक महामार्गाने पुण्याहून निघालात की राजगुरुनगर लागतं, मग मंचर, नारायणगाव आणि आळेफाटा. मंचर हे आंबेगाव तालुक्यातलं मोठं मार्केट. नारायणगाव, आळेफाटा आणि ओतूर ही जुन्नर तालुक्यातली. नारायणगावचं नाव टोमॅटोसाठी जास्त घेतलं जातं, पण रब्बीत या दोन्ही तालुक्यांत नजर टाकाल तिकडे कांदा दिसतो.

यामागे पाणी आहे. घोड नदीवरचं डिंभे, कुकडीवरचं माणिकडोह, मीना नदीवरचं वडज, शिवाय येडगाव आणि पिंपळगाव जोगे, अशी कुकडी प्रकल्पातली धरणं याच भागात आहेत. उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत कॅनॉलला किंवा विहिरीला पाणी असेल तर गावरान कांदा घेता येतो.

इथं 'गावरान' म्हणजे रब्बीचा, उन्हाळ्यात निघणारा कांदा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रोप टाकायचं, साधारण सात आठवड्यांचं रोप झालं की डिसेंबर-जानेवारीत लागण करायची आणि एप्रिल-मेमध्ये काढणी. हा कांदा टिकतो, त्यामुळे तो बराखीत भरून ठेवतात आणि भाव बघून पावसाळ्यात किंवा दिवाळीपर्यंत विकतात.

म्हणजे शेतकऱ्याचा सगळा डाव कांद्याच्या दोन गोष्टींवर असतो: आकार आणि टिकाऊपणा. तण या दोन्हींच्या मुळावर उठतं.

बटाटा तण दाबतो, गहू तण दाबतो, मग कांदा का नाही?

आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार खरिपातल्या बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. बटाट्याला महिन्याभरात मातीची भर लावतात. भर लावताना निम्मं तण आपोआप मोडतं. नंतर बटाट्याचा पाला एकमेकांत मिसळतो आणि खाली सावली पडते. ऊन मिळालं नाही की उरलेलं तण खुरटतं.

गहू किंवा सातू, म्हणजे आपण ज्याला बार्ली म्हणतो, यांचंही तसंच. एका दाण्यातून चार-पाच फुटवे निघतात. दाट पीक उभं राहिलं की मागून उगवलेल्या तणाला जागाच उरत नाही.

कांद्याकडे यातलं काहीच नाही.

कांद्याची पात नळीसारखी, सरळ वर जाणारी. ती पसरत नाही, त्यामुळे जमिनीवर सावली पडत नाही. सुरुवातीची वाढ अगदी संथ. मुळं उथळ, बहुतेक सगळी वरच्या वीतभर मातीत. त्याच मातीत तणाचीही मुळं असतात, आणि पाणी-खत ओढण्यात तण कांद्याच्या कितीतरी पुढे असतं. शिवाय दोन ओळींत 15 सेंटिमीटर आणि दोन रोपांत 10 सेंटिमीटर अंतर, म्हणजे बैलाचं कोळपं घालायचा प्रश्नच येत नाही.

थोडक्यात, कांद्याचं रान लागणीपासून काढणीपर्यंत उघडंच राहतं. वाफ्यात ऊन पोहोचतं, दर आठ-दहा दिवसांनी पाणी मिळतं आणि भरपूर खत पडलेलं असतं. तणाला आणखी काय हवं?

हे मागून येणारं तण असतं कुठे?

मातीतच असतं. आधीपासून.

शेताच्या वरच्या थरात तणाच्या बियांचा साठा पडून असतो. तुमच्या बँकेतल्या मुदत ठेवीसारखा समजा. सगळ्या ठेवींची मुदत एकाच दिवशी संपत नाही. काही बिया पहिल्या पाण्याला उगवतात, काही दुसऱ्या, काही चौथ्या, आणि काही तर पुढच्या वर्षासाठी झोपून राहतात. याला सुप्तावस्था म्हणतात.

ही झोप किती लांब असू शकते? अमेरिकेत मिशिगनमध्ये विल्यम बील नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1879 मध्ये वीस बाटल्यांत तणांच्या बिया आणि वाळू भरली आणि त्या जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरायची आणि बिया उगवतात का ते बघायचं, असा प्रयोग. बील गेले, त्यांच्यानंतरचे शास्त्रज्ञही गेले, प्रयोग चालू राहिला. 2021 मध्ये एक बाटली काढली गेली. 142 वर्षं जमिनीत राहिल्यानंतरही त्यातल्या काही बिया उगवल्या!

सगळ्याच तणांचं बी इतकं चिवट नसतं. पण पाच-दहा वर्षं मातीत तग धरणारी तणं आपल्या शेतात भरपूर आहेत.

मग झोपलेलं बी जागं कशाने होतं? मुख्य कारणं तीन.

पहिलं कारण पाणी. प्रत्येक पाण्यानंतर वरची माती ओली होते आणि तणाची एक नवी तुकडी उगवते. म्हणूनच "पाणी दिलं की गवत" असं दिसतं.

दुसरं कारण प्रकाश. अनेक बारीक बियांना उगवायला उजेड लागतो. खोल गाडलेलं बी गप्प असतं. खुरपणी करताना, वाफा बांधताना किंवा बांध सावरताना माती वर-खाली झाली की तेच बी वर येतं आणि त्याला उजेड मिळतो. म्हणजे खुरपणीने जुनं तण जातं आणि काही नवं बी जागंही होतं.

तिसरं कारण तापमान. डिसेंबरच्या थंडीत गप्प बसलेली काही तणं फेब्रुवारीत ऊन वाढलं की उगवायला लागतात. घोळीसारख्या ऊन आवडणाऱ्या तणांचं हेच गणित आहे.

या साठ्यात दरवर्षी नवी भरही पडते. अर्धवट कुजलेलं शेणखत हा त्याचा सगळ्यात मोठा रस्ता. जनावरांनी खाल्लेल्या गवताचं बी शेणातून जिवंत बाहेर पडतं आणि खड्ड्यात नीट कुजलं नाही तर थेट वाफ्यात येतं. कॅनॉलचं पाणी चाऱ्यांमधून येताना काठावरचं बी सोबत आणतं. पिकं निघाल्यावर आपल्याकडे धनगरांच्या मेंढ्यांचा वाडा रानात बसवतात. त्याचा फायदा दुहेरी असतो, मेंढ्या उरलंसुरलं तण खातात आणि लेंडीखत मिळतं. पण आधीच्या रानात त्या बी धरलेलं गवत खाऊन आल्या असतील, तर त्यातलं थोडं इथंही उतरतं.

मग तणनाशकाने काय केलं?

कांद्यात लागणीच्या आधी किंवा लागणीच्या वेळी वापरायची दोन नावं शेतकऱ्यांना पाठ आहेत: पेंडीमेथॅलिन आणि ऑक्झिफ्लोरफेन. ही दोन्ही प्रामुख्याने उगवणीपूर्व तणनाशकं म्हणून वापरली जातात. फवारल्यावर मातीच्या वरच्या थरात त्यांचा एक पातळ पापुद्रा तयार होतो. उगवणारं तण त्या थरातून वर येताना मरतं.

इथंच सगळी मेख आहे.

हा पापुद्रा कायम टिकत नाही. ऊन, पाणी आणि मातीतले जीवाणू त्याला हळूहळू मोडतात. काही आठवड्यांत त्याची ताकद इतकी कमी होते की नवं तण आरामात वर येतं. फवारणीनंतर कुणी वाफ्यात फिरलं, माती हलवली, तर तो त्याआधीच फाटतो. फवारताना जमीन कोरडी असेल, ढेकळं असतील, पाणी कमी वापरलं असेल, तर तो मुळात नीट बनतच नाही.

राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेची ही संस्था 1994 मध्ये नाशिकला सुरू झाली आणि 1998 मध्ये राजगुरुनगरला आली. 'भीमा शक्ती', 'भीमा किरण' या रब्बीच्या जाती तिथल्याच. त्यांच्या शिफारशीत तणनाशक कधीच एकटं नसतं. लागणीच्या आधी किंवा लागणीच्या वेळी तणनाशक, आणि लागणीनंतर 40 ते 60 दिवसांच्या दरम्यान एक हाताने खुरपणी, अशी ती जोडी आहे.

दुसरा अर्धा भाग सहसा विसरला जातो. दुकानातून बाटली आणता येते, खुरपणी दुकानात मिळत नाही.

कोण कोण उगवतं?

नावं वाचलीत तर गंमत वाटेल, कारण यातली अर्धी तुम्ही खाल्लेली असतात.

चंदन बटवा, म्हणजे चाकवताचाच रानटी भाऊ. घोळ. माठ. पाथरी. केना. बाजारात आली की रानभाजी आणि कांद्यात आली की तण! पण एक गोष्ट लक्षात ठेवा. तणनाशक फवारलेल्या वाफ्यातली घोळ किंवा चाकवत भाजीसाठी घरी नेऊ नका. जी पानं जगलीत त्यांच्यावर औषध पडलंच नाही, असं धरून चालता येत नाही.

चंदन बटव्याचं एक मोठं वाढलेलं झाड हजारो बिया टाकतं. जागा मोकळी मिळाली तर हा आकडा 50,000 च्याही पुढे जातो.

मग येतं गाजर गवत, ज्याला काँग्रेस गवत असंही म्हणतात. भारतात याची ठळक नोंद झाली ती आपल्याच पुण्यात, 1950 च्या दशकाच्या मध्यात. अमेरिकेहून पीएल-480 योजनेत आलेल्या गव्हाबरोबर ते आलं, अशी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. पण भारताचा तो करार 1956 चा, आणि पुण्यातली नोंद 1955 ची म्हणून सांगितली जाते. त्यामुळे ही गोष्ट जशीच्या तशी मान्य करणं अवघड आहे. कसंही आलं असो, आज ते प्रत्येक बांधावर आहे. एक झाड 15,000 ते 25,000 बिया टाकू शकतं आणि अंगाला लागलं तर अनेकांना खाज आणि ॲलर्जी होते.

आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात त्रासदायक: लव्हाळा आणि हरळी. ही बारमाही तणं आहेत. लव्हाळ्याच्या मुळाशी जमिनीत गाठी असतात. वरचा शेंडा खुरपला की चार दिवसांत गाठीतून नवा शेंडा येतो. म्हणून खुरपणाऱ्या बायका वैतागून म्हणतात, पुढं खुरपावं तर मागं उगवतंय.

नुकसान किती? इथं दोन हिशेब आहेत

पहिला हिशेब या वर्षीच्या कांद्याचा.

लागणीनंतरचे पहिले साधारण 60 दिवस कांद्यासाठी सगळ्यात नाजूक. या काळात रोप मुळं धरतं, पात वाढवतं, आणि त्या पातीच्या जोरावरच पुढे कांदा पोसतो. या दिवसांत तण राहिलं तर उत्पादन निम्म्याच्याही खाली येऊ शकतं. कांदा तयार होतो, पण मार्केटमध्ये गोल्टी म्हणून वेगळा काढला जातो आणि भाव पडतो.

60 दिवसांनंतर उगवलेल्या तणाचं तसं नाही. तोपर्यंत कांद्याची पात तयार असते. एवढ्या उशिरा आलेलं तण त्या वर्षीचं वजन फार घटवत नाही. शेतकऱ्याची "राहू दे आता" ही भावना अगदीच चुकीची नसते, ती यामुळे.

तरी त्रास असतोच. दाट तणामुळे वाफ्यात ओल आणि दमटपणा टिकतो आणि तो करप्यासारख्या बुरशीजन्य रोगांना मानवतो. काढणीच्या वेळी माना पडलेले कांदे गवतात दिसत नाहीत, उपटायला वेळ लागतो, मजुरी वाढते. पातीसकट कांदा रानात सुकवायचा, तर हिरव्या गवतात तो नीट सुकत नाही. आणि न सुकलेला कांदा बराखीत गेला की सडायला सुरुवात होते.

दुसरा हिशेब पुढच्या पाच वर्षांचा. खरा घोळ इथं आहे.

मार्चमध्ये सोडून दिलेलं तण एप्रिलमध्ये फुलतं आणि काढणीच्या आसपास बी गाळतं. काढणी झाल्यावर रोटाव्हेटर फिरतो आणि ते सगळं बी मातीत नीट मिसळलं जातं. वाफ्यात चंदन बटव्याची पाच मोठी झाडं राहिली, तर साठ्यात लाखभर बिया जमा होऊ शकतात. सगळ्या उगवणार नाहीत. काही किडे खातील, काही कुजतील. पण शंभरातली एक जरी उगवली, तरी हजार रोपं झाली.

म्हणजे या वर्षी वाचवलेली एक खुरपणी पुढच्या वर्षी दोन खुरपण्या होऊन परत येते. मागून येणाऱ्या तणाचं नुकसान या वर्षीच्या पट्टीत दिसत नाही, म्हणून ते कुणी मोजत नाही.

पण खुरपणार कोण?

सांगायला सोपं आहे की 50 व्या दिवशी खुरपणी करा. फेब्रुवारीत जुन्नर-आंबेगावमध्ये मजूर मिळवून दाखवा!

सगळ्यांची लागण महिन्याभराच्या फरकाने होते, त्यामुळे सगळ्यांची खुरपणीही एकदमच येते. त्याच दिवसांत कुठे ऊसतोड चालू असते, कुठे रांगडा कांदा काढायचा असतो, कुठे उन्हाळी टोमॅटोची लागण. तालुक्याच्या पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यातून आणि शेजारच्या अकोले तालुक्यातून मजूर येतात. गाडीभाडं वेगळं, मजुरी वेगळी. काही जण एकराचं उक्तं ठरवतात. उक्त्यात काम पटापट उरकतं, पण लव्हाळ्याची गाठ मुळासकट निघाली का, हे बघत बसायला कुणाला वेळ नसतो.

खुरपणी करणाऱ्या बहुतेक बायका असतात. उकिडवं बसून, एका हातात खुरपं, दुसऱ्या हाताने गवत उपटत, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. गुडघे आणि कंबर यांची काय अवस्था होते, ते त्यांनाच विचारा.

आणि हा जुन्नर वनविभाग आहे, म्हणजे बिबट्याचा मुलूख. कांद्याच्या बाजूला ऊस असतो आणि उसात बिबट्या. उसाजवळ बसून किंवा वाकून काम करताना सावध राहा, एकट्याने थांबू नका, असं वनविभाग सांगत असतो. त्यामुळे उसाला लागून असलेल्या वाफ्यात खुरपायला, विशेषतः ऊन उतरल्यावर, टोळी धास्तावलेली असते.

तण वेळेवर का निघत नाही, याचं उत्तर द्यायला फक्त "शेतकरी आळशी आहे" असं म्हणून चालत नाही, ते यामुळे.

मग दुसरं औषध मारलं तर?

मजूर नाहीत म्हटल्यावर हा प्रश्न येणारच.

उभ्या कांद्यात गवतवर्गीय, म्हणजे अरुंद पानांच्या तणांसाठी क्विझालोफॉप इथाइल किंवा प्रोपाक्विझाफॉप वापरता येतं. ही औषधं गवतावर चालतात आणि कांद्याला सहसा इजा करत नाहीत. पण तीन गोष्टी माहीत हव्यात.

एक, ही औषधं चंदन बटवा, घोळ, माठ अशा रुंद पानांच्या तणांवर चालत नाहीत.

दोन, ती लव्हाळ्यावरही चालत नाहीत. लव्हाळा दिसतो गवतासारखा, पण तो गवताच्या कुळातला नाही. त्याची दांडी बोटांत फिरवून बघा, तीन कोन लागतील. गवताची दांडी गोल किंवा चपटी असते. ही साधी परीक्षा केली तर एका फवारणीचा खर्च वाचतो.

तीन, तण लहान, दोन ते चार पानांवर असतानाच औषध काम करतं. गुडघ्याएवढ्या तणावर डोस वाढवून मारलं तर पैसे जातात. ऑक्झिफ्लोरफेन उभ्या पिकात जास्त प्रमाणात पडलं तर कांद्याची पात भाजते, ठिपके पडतात. शिवाय फवारणी जितकी उशिरा, तितकं काढणीचं अंतर कमी. लेबलवर शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस हवेत ते लिहिलेलं असतं. ते पाळणं खाणाऱ्यासाठी गरजेचं आहे.

ग्लायफोसेटचं नावही घेतलं जातं. ते उभ्या कांद्यात चालत नाही, कारण ते तण आणि कांदा असा भेद करत नाही. 2022 मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याच्या वापरावर निर्बंधही आणले.

आणि एकाच औषधावर विसंबून राहिलं की काय होतं, याचा धडा हरियाणा-पंजाबने घेतलाय. तिथं गव्हात 'मंडूसी' नावाचं तण येतं. त्याला 'गुल्ली डंडा' असंही म्हणतात. शेतकरी वर्षानुवर्षं आयसोप्रोट्युरॉन हे एकच तणनाशक मारत राहिले. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला त्या तणाने या औषधाला दाद देणंच बंद केलं. काही शेतांत तण इतकं माजलं की शेतकऱ्यांनी हिरवा गहू जनावरांना चारा म्हणून कापून टाकला.

ब्रिटनमधल्या शेतकऱ्यांचीही अशीच गत झाली. तिथं 'ब्लॅकग्रास' नावाचं तण अनेक औषधांना दाद देईनासं झालं. मग तिथल्या बऱ्याच शेतकऱ्यांनी पेरणीची वेळच बदलली. हे तण बहुतांश हिवाळ्याआधी उगवतं. म्हणून त्यांनी तेव्हा पेरणं थांबवलं, तण उगवू दिलं, मारलं, आणि नंतर वसंतात बार्ली पेरली. बार्ली दाट फुटते आणि उरलेल्या तणाला दाबते. औषधाने जे होत नव्हतं, त्यातलं बरंच काम कॅलेंडरने केलं.

कांद्यात आपल्याला हेच करता येईल का? बऱ्याच अंशी येईल.

वर्षभराचं कॅलेंडर

एप्रिल-मे: कांदा निघाला की खोल नांगरट करून रान तापू द्या. लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीच्या काड्या वर येतात आणि उन्हात वाळतात. वर आलेल्या काड्या वेचून बांधाबाहेर काढा. लव्हाळा-हरळी असलेल्या रानात नांगरट न करता थेट रोटाव्हेटर मारणं टाळा. तो काड्यांचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकडा नवं झाड होतो.

पावसाळा: कांद्यावर कांदा घेऊ नका. मधे सोयाबीन, बाजरी किंवा हिरवळीसाठी ताग घ्या. ताग इतका दाट वाढतो की खाली तण टिकत नाही, आणि तो गाडला की जमिनीलाही फायदा होतो.

ऑक्टोबर: रोपवाटिकेची जागा निवडताना लव्हाळा नसलेली निवडा. रोपासोबत लव्हाळ्याची गाठ आली तर ती सगळ्या रानात जाते. शेणखत पूर्ण कुजलेलंच वापरा. हाताला गरम लागत असेल आणि काड्या दिसत असतील, तर ते अजून कुजायचंय.

लागणीच्या दोन-तीन आठवडे आधी: रान तयार करून एक हलकं पाणी द्या. तण उगवू द्या. वापसा आला की वरवर कुळवून ते मोडा, खोल जाऊ नका. साठ्यातली पहिली तुकडी कांदा यायच्या आधीच संपते. ब्रिटनच्या शेतकऱ्यांनी केलं ते हेच.

लागण: लेबलवरच्या प्रमाणात, जमिनीत ओल असताना, फ्लॅट फॅन नोझलने एकसारखी फवारणी. नंतर ती माती हलवू नका. ठिबकवर गादीवाफा केला असेल तर पाणी फक्त पिकाजवळ मिळतं आणि मधल्या कोरड्या पट्ट्यात तण कमी उगवतं.

40 ते 60 दिवस: हाताने एक खुरपणी. 25 डिसेंबरची लागण असेल तर ही तारीख येते 3 ते 23 फेब्रुवारी. टोळी शोधायला फेब्रुवारी उजाडेपर्यंत थांबू नका, लागणीच्या दिवशीच त्याच टोळीशी बोलून ठेवा. शेजारच्या चार जणांनी मिळून तारखा वाटून घेतल्या तर एकाच टोळीला सलग काम मिळतं आणि गाडीभाडंही विभागलं जातं.

75 दिवसांनंतर: आता पूर्ण खुरपणीची गरज नाही. फक्त वाफ्यातून एक फेरी मारा आणि फुलावर आलेली मोठी झाडं उपटा. बी धरलेलं झाड वाफ्यात किंवा शेणखड्ड्यात टाकू नका. बांधावरचं गाजर गवतही फुलायच्या आधी काढा. पूर्ण खुरपणीपेक्षा या फेरीला कितीतरी कमी माणसं लागतात.

काढणीच्या 10 ते 15 दिवस आधी: पाणी बंद. कांद्याच्या माना पडायला मदत होते, कांदा टिकतो आणि नव्या तणालाही पाणी मिळत नाही.

रानात कोणतं तण आहे हे ओळखता येत नसेल, तर ते मुळासकट उपटून नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा राजगुरुनगरच्या संचालनालयात दाखवा. दुकानात "गवताचं औषध द्या" म्हणण्याआधी कोणतं गवत आहे, हे कळलेलं बरं.

थोडक्यात काय?

कांद्यातलं पहिलं तण या वर्षीचा कांदा खातं. मागून येणारं तण पुढच्या वर्षीचा कांदा खातं. पहिल्यासाठी आपण औषध, मजूर, पैसा सगळं लावतो, कारण ते डोळ्यांना दिसतं. दुसऱ्याकडे काणाडोळा करतो, कारण तोवर लक्ष मार्केटच्या भावाकडे गेलेलं असतं.

भाव शेतकऱ्याच्या हातात नाही. निर्यात चालू राहील की बंद होईल, तेही नाही. पुढच्या डिसेंबरला आपल्या मातीत तणाचं किती बी असेल, हे मात्र बऱ्यापैकी त्याच्या हातात आहे. मार्चमध्ये चार वाफे फिरून, फुलावर आलेली झाडं उपटून ते ठरतं.

तुमच्याकडे सध्या कांद्यात कोणतं तण जास्त आहे? आणि त्याला गावात काय म्हणतात? कमेंटमध्ये नक्की सांगा. आणि तुमच्या गावच्या ग्रुपवर "औषध डुप्लिकेट निघालं" असा मेसेज आला असेल, तर त्याखाली हा लेख शेअर करा.